पडलेल्या रोजीचा हिशेब

मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवर, सातपुड्याचा उतार वऱ्हाड-नागपूरच्या सपाटीला जिथे येऊन मिळतो त्या पांढुर्णा आणि सौंसर या दोन मराठीभाषक तहसिलींत गेल्या काही दशकांत हक्कांसाठी जी कामे झाली, त्यांचे मोजमाप बहुधा किती मोर्चे निघाले, कोणत्या मागण्या मान्य झाल्या आणि कोण तुरुंगात गेले यावरून केले जाते. त्या प्रत्येक मोर्चासाठी, निवेदनासाठी आणि तारखेसाठी किती माणसांची रोजी पडली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. रोजी म्हणजे दिवसाची मजुरी आणि रोजी पडणे म्हणजे ती बुडणे. ज्या घरात आजच्या मजुरीतून आजचे पीठ येते त्या घराला हा खर्च किरकोळ नसतो, आणि कोणती मागणी वर्षानुवर्षे टिकते व कोणती दोन महिन्यांत विरून जाते, हे बऱ्याचदा मागणी किती न्याय्य आहे यापेक्षा हा खर्च कोण सोसतो यावर ठरते, असे तिगाव परिसरात दीर्घकाळ काम केलेल्या एका कार्यकर्त्याचा अनुभव सांगतो. प्रस्तुत विवेचन त्याच अनुभवावर आधारलेले आहे. हा कार्यकर्ता कोणत्याही संस्थेचा पगारी माणूस नव्हता. थोड्या कोरडवाहू वावराचा, म्हणजे केवळ पावसावर पिकणाऱ्या शेताचा, धनी आणि उरलेल्या दिवसांत दुसऱ्याच्या वावरात मजूर अशी त्याची स्थिती होती. ज्यांच्यासाठी तो अर्ज लिहीत असे त्यांच्यात आणि त्याच्यात फरक एवढाच होता की त्याला हिंदीतून लिहिता येत होते आणि साहेबापुढे बोलताना त्याची जीभ अडखळत नव्हती.

हिंदीतून लिहिता येण्याला इथे जे मोल आहे त्याचे मूळ इतिहासात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा जुन्या मध्य प्रदेशातले विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, त्यातल्या मराठी बोलणाऱ्या पांढुर्णा-सौंसरसह, नव्या मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे तोवर ज्यांची राजधानी नागपूर, म्हणजे सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परतता येईल इतक्या अंतरावर होती, त्यांची राजधानी भोपाळ झाली आणि त्यांचे उच्च न्यायालय जबलपूरला गेले. सोयरीक, मोठा दवाखाना आणि संत्र्याचा बाजार आजही नागपूर, काटोल, वरुडकडेच आहे, परंतु जमिनीचा कागद, रेशन, पेन्शन आणि पोलीस ठाणे यांचा सगळा कारभार हिंदीतून चालतो. महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात त्या नोंदीसाठी इथल्या माणसाला खसरा आणि बी-१ ही नावे घ्यावी लागतात आणि तालुका पंचायतीला जनपद म्हणावे लागते. तिगावला रेल्वे स्टेशन आहे आणि ते नागपूर-इटारसी या मुख्य मार्गावर, पांढुर्ण्याच्या पुढे, चिचोंड्याच्या घाटाआधी येते, तरी या रेल्वेचा जिल्ह्याच्या कामाला फारसा उपयोग नव्हता, कारण छिंदवाड्याला रेल्वेने जायचे तर आमल्याला गाडी बदलून मोठा वळसा पडे. म्हणून बस धरावी लागे आणि शंभर किलोमीटरच्या आसपासचा तो रस्ता घाटावळणाचा असल्याने जाऊन येण्यात अख्खा दिवस जाई. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ही स्थिती होती.

एका साध्या प्रकरणावरून या अंतराची किंमत स्पष्ट होते. गावातल्या एका विधवेचे पेन्शन अचानक बंद झाले. मध्य प्रदेशात प्रत्येक कुटुंबाला आणि त्यातल्या प्रत्येक माणसाला समग्र आयडी नावाचा एक क्रमांक दिलेला असतो, कुटुंबाचा आठ आकडी आणि माणसाचा नऊ आकडी, आणि बहुतेक सरकारी लाभ या क्रमांकाला बांधलेले असतात. चौकशीअंती असे निघाले की या नोंदीत ती बाई मृत दाखवली होती. पंचायतीने जनपदाकडे पाठवले, जनपदाने पंचायतीचे प्रमाणपत्र मागितले, प्रमाणपत्र नेले तेव्हा संबंधित कर्मचारी रजेवर होता, आणि शेवटी जिल्ह्याच्या जनसुनवाईत, म्हणजे दर मंगळवारी अधिकाऱ्यांनी लोकांच्या तक्रारी समक्ष ऐकण्याच्या बैठकीत, ती स्वतः उभी राहिली तेव्हा तिच्या जिवंतपणाची खात्री पटली. त्या वेळी हे पेन्शन महिना ३०० रुपये होते. २०१९ मध्ये ते ६०० झाले. बाईने परतीच्या बसमध्ये पदराच्या गाठीतली तिकिटे काढून बोटांवर हिशेब केला आणि कार्यकर्त्याला म्हणाली, “भाऊ, सरकारनं देल्लं ते मोटरवाल्यानं नेलं, अन् निंदणाच्या रोजा पडल्या त्या तर मोजल्याच नाही.” हे प्रकरण कागदोपत्री यशस्वी म्हणून नोंदले गेले, आणि ते यश होतेही, पण त्याच गल्लीतल्या दुसऱ्या दोन बायांनी, ज्यांचे पेन्शन तसेच अडले होते, हा हिशेब ऐकून आपले अर्ज पुढे रेटायचे नाही असे ठरवले. गरीब माणूस हक्कांबाबत अनभिज्ञ असतो म्हणून गप्प बसतो, अशी जी समजूत शहरातल्या प्रशिक्षण शिबिरांत गृहीत धरली जाते, ती या दोघींच्या बाबतीत तरी खोटी होती, कारण दोघींनाही आपला हक्क पक्का ठाऊक होता आणि त्याचा भावही.

या भागातल्या कोणत्याही चळवळीचा विचार मुलताईला वगळून करता येत नाही. मुलताई हे तापी नदीच्या उगमाचे गाव शेजारच्या बैतूल जिल्ह्यात, तिगावहून घाट चढून गेले की येते. अतिवृष्टी आणि गारपिटीने सोयाबीनसह खरिपाची पिके गेल्यावर नुकसानभरपाईच्या मागणीसाठी किसान संघर्ष समितीने डिसेंबर १९९७ मध्ये तिथे आंदोलन सुरू केले आणि १२ जानेवारी १९९८ रोजी तहसील कार्यालयापाशी जमलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात २४ माणसे मृत्युमुखी पडली. आंदोलनाचे नेते डॉ. सुनीलम त्याच वर्षी आणि पुन्हा २००३ मध्ये मुलताईतून आमदार म्हणून निवडून आले. ऑक्टोबर २०१२ मध्ये, घटनेनंतर चौदा वर्षांनी, त्यांना आणि आणखी दोघांना त्याच दिवसाच्या खटल्यात जन्मठेप सुनावली गेली आणि पुढे उच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला. गोळीबार, निवडणूक आणि शिक्षा या तिन्ही गोष्टींची वृत्तपत्रांनी दखल घेतली, परंतु त्या मधल्या वर्षांत जी शेतकरी कुटुंबे कोर्टाच्या तारखांना जात राहिली त्यांच्या हालांची नोंद फारशी कुठे नाही. घाटाखालच्या गावांत त्या गोळीबाराचा परिणाम दुहेरी झाला. एका बाजूला, सरकारला भरपाई मागता येते ही गोष्ट तोवर ज्यांच्या मनातही आली नव्हती त्यांना ती कळली. दुसऱ्या बाजूला, पुढे कितीतरी वर्षे मोर्चाचे नाव काढले की घरातली म्हातारी माणसे मुलताईचे नाव घेत आणि पोराची सायकल दाराच्या आत ओढून ठेवत.

ही भीती पांढुर्ण्याच्या संदर्भात थोडी चमत्कारिक वाटते, कारण हेच गाव गोटमारीसाठी प्रसिद्ध आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव या दोन काठांवरची माणसे एकमेकांवर गोटे, म्हणजे दगड, फेकतात. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, आजवर अनेकांचे जीव गेले आहेत, प्रशासनाने मनाईहुकूम काढून पाहिले, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, आणि प्रथा चालूच आहे. त्या दिवशी डोके फुटण्याची भीती कोणाला वाटत नाही. कार्यकर्त्याने यावर बराच विचार करून काढलेला निष्कर्ष असा की तिथे जखमेचा खर्च गाव वाटून घेते, जखमी माणसाकडे मानाने पाहिले जाते आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या नावाने नोटीस येत नाही. मोर्चात मात्र जखमी झालेला माणूस दुसऱ्या दिवसापासून एकटा असतो. हा निष्कर्ष समाजशास्त्राच्या कसोटीला उतरेल की नाही हे सांगता येत नाही, तरी तो टाकून देण्यासारखाही नाही.

सीमेवर राहण्याचा आणखी एक चटका २००६ साली बसला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले, त्यात अमरावती होता, म्हणजे वरुड होते, पांढुर्णा नव्हते. माती तीच, कापूस तोच, संत्र्यावरचा कोळशी रोगही तोच आणि सोयरेही तेच असताना धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, पलीकडच्या माणसाला व्याजमाफी आणि अलीकडच्याला बँकेची नोटीस, हे लोकांना समजावून सांगण्याची जबाबदारी कार्यकर्त्यावर आली, आणि राज्य वेगळे आहे यापलीकडे त्याच्याजवळ उत्तर नव्हते. मध्य प्रदेशात पिकाच्या नुकसानीची मदत राजस्व पुस्तक परिपत्रकाच्या ज्या भागानुसार मिळते त्याला बोलण्यात आरबीसी सहा-चार म्हणतात. पटवारी, म्हणजे तलाठी, पाहणी करून नुकसानीची टक्केवारी लिहितो आणि ती ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली तरच मदत लागू होते. त्यामुळे खरी लढाई भोपाळमध्ये न होता पटवारी बांधावर येतो त्या अर्ध्या तासात होते. तो ज्या दिवशी येणार त्या दिवशी शेतमालक घरी असला पाहिजे, आणि तो दिवस आधी कळत नाही. मोठा शेतकरी माणूस ठेवू शकतो, छोट्याला सगळा आठवडा मजुरी सोडून धुऱ्यावर बसावे लागते. ज्याच्याजवळ दोन एकर होते तो सहसा दोन दिवस बसे आणि तिसऱ्या दिवशी कामावर जाई, आणि पटवारी चौथ्या दिवशी आला की यादीत त्याचे नुकसान कमी लागे. यात पटवाऱ्याची लबाडी नेहमीच होती असे म्हणता येत नाही. त्याच्याकडे हलके, म्हणजे त्याच्या अखत्यारीतल्या गावांचे गट, एकापेक्षा जास्त असत.

कामाला खरे वळण मिळाले ते २००५ च्या दोन कायद्यांनी. माहिती अधिकारामुळे दहा रुपयांच्या अर्जावर, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फुकट, सरकारी कागदाची नक्कल मागता येऊ लागली. रोजगार हमीच्या कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांच्या कामाचा, काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते न मिळाल्यास बेकारी भत्त्याचा आणि केलेल्या कामाची मजुरी पंधरा दिवसांत हातात पडण्याचा हक्क दिला. या दोन कायद्यांचा एकत्र उपयोग कसा होतो हे गावाने मस्टरच्या वाचनात पाहिले. मस्टर म्हणजे कामावरची हजेरीपत्रके; त्यांच्या नकला मिळाल्यावर एका संध्याकाळी बाया लिंबाखाली जमल्या आणि एका शाळकरी मुलीने एकेक नाव मोठ्याने वाचले. कंदिलाच्या उजेडात पहिल्या पानावरच तिचा आवाज अडला, कारण पाचवे नाव तिच्याच आजोबांचे होते आणि ते तीन वर्षांपूर्वी वारले होते. पुढच्या पानावर लग्न होऊन काटोलला नांदायला गेलेली एक मुलगी सलग सहा दिवस तळ्यावर माती उचलताना दाखवली होती, आणि तिच्या नावापुढे अंगठा होता, जरी ती दहावीपर्यंत शिकलेली होती. बायांना हसू आवरेना. थोड्या वेळाने एकीने विचारले की हा अंगठा मग कोणाचा, तेव्हा मात्र सगळ्या गप्प झाल्या, कारण कोणाचा असावा हे प्रत्येकीला ठाऊक होते आणि तो माणूस चार घरे सोडून राहत होता. पुढे चौकशी झाली, काही रक्कम वसूल झाली, आणि त्या चार घरांतले जाणे-येणे बंद पडले. गावातला भ्रष्टाचार उघडा पाडणे म्हणजे शेजार तोडणे असते ही बाब कार्यपुस्तिकांत नसते, आणि कार्यकर्त्याच्या बायकोला ती रोज नळावर भोगावी लागली.

रोजगार हमीच्या याच कायद्याने चळवळीतला एक जुना विसंवादही उघडा केला. कार्यकर्ता ज्या संघटनेत होता तिच्यात छोटे शेतकरी होते आणि भूमिहीन मजूरही होते, आणि भरपाई, वीज, कर्ज या मागण्यांवर दोघे एकत्र उभे राहत असत. परंतु दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू झाली की शेतकऱ्याला मजूर हवा असतो आणि त्याच वेळी पंचायतीचे काम सुरू असले तर मजुराला भाव मिळतो. रोजगार हमीची कामे वेचणीत बंद ठेवावीत, असे शेतकरी सभासदांनी बैठकीत मांडले. मजुरांचे म्हणणे असे की वर्षभर काम नसते तेव्हा कोणी विचारत नाही आणि दोन पैसे वाढवून मिळण्याचे दिवस आले की संघटना आठवते. दोन्ही बाजूंचे खरे होते. सरकारी मजुरी काही फार होती अशातला भाग नाही; मध्य प्रदेशात ती २०१७-१८ मध्ये दिवसाला १७२ रुपये होती आणि पुढच्या वर्षी दोन रुपयांनी वाढून १७४ झाली, शिवाय ती हातात पडायला कधी महिनेही लागत. तरी ती आहे म्हणून वेचणीचा किलोमागचा भाव वाढत होता, आणि शेतकऱ्याच्या तोंडचा घास जातो तो याच फरकात, कारण कापसाचा भाव त्याच्या हातात नसतो. कार्यकर्ता या भांडणात मध्यस्थ म्हणून बसला असला तरी त्याचा स्वतःचा कापूस त्या वर्षी बोंडातच लोंबत होता, वेचायला बाया मिळत नव्हत्या, आणि त्या ज्या कामावर गेल्या होत्या ते काम त्यानेच अर्ज करून मंजूर करून आणले होते. बैठकीत तोडगा निघाला नाही; त्या हंगामापुरते दोन गट वेगळे बसले आणि उलंगवाडी, म्हणजे कापसाचा हंगाम आटोपून वावर रिकामे होणे, झाल्यावर पुन्हा एकत्र आले. हा भेद संघटनेने मिटवायला हवा होता असे बाहेरचे लोक म्हणत, पण तो मिटण्याजोगा नव्हता, आणि तो आहे हे मान्य केल्यानेच संघटना टिकली, असे म्हणायला जागा आहे.

पडलेल्या रोजीचा प्रश्न प्रथम ज्यांनी सोडवला त्या निंदणाच्या टोळीतल्या बाया होत्या, आणि तो त्यांनी सभेत ठराव करून सोडवला नाही. निंदण म्हणजे पिकातले तण काढणे. टोळीतली प्रत्येक बाई एकेक पात, म्हणजे पिकाच्या ओळींचा पट्टा, धरून पुढे सरकते. सावड, म्हणजे एकमेकांच्या वावरात आळीपाळीने पैसे न घेता काम करणे, ही रीत शेतकऱ्यांत पूर्वीपासून आहे, आणि बायांनी ती मजुरीला लावली: टोळीतली एक जनसुनवाईला गेली तर बाकीच्यांनी तिची पात आपसांत वाटून घ्यायची आणि तिची रोजी तिला द्यायची. शेतमालकांनी हरकत घेतली, कारण हजर नसलेल्या बाईची मजुरी त्यांनी का द्यावी. तेव्हा टोळीने दिवसावर काम घेणे सोडून उक्ते, म्हणजे अख्ख्या वावराचा एकत्र दाम ठरवून, काम घ्यायला सुरुवात केली, त्यामुळे बांधावर दहा आल्या की नऊ याच्याशी मालकाचा संबंध उरला नाही. पुरुषांनी तोवर वर्गणीची पद्धत चालवून पाहिली होती, डबा फिरवायचा आणि जाणाऱ्याच्या तिकिटाची सोय करायची, पण वर्गणीचा हिशेब आला की संशयही येतो, आणि डबा दर वेळी कोणाच्या तरी घरी विसरला जात असे. पात वाटून घेण्यात चोरी करता येत नाही. या व्यवस्थेनंतर ज्या प्रकरणांचा पाठपुरावा झाला त्यांत बायांची प्रकरणे जास्त आहेत, पेन्शनची, रेशनची, अडकलेल्या मजुरीची, आणि गावातल्या दारूच्या गुत्त्याविरुद्ध ग्रामसभेत ठराव झाला तोही याच टोळीच्या जोरावर. गुत्ता काही महिने बंद राहिला आणि नंतर गावाबाहेरच्या पांदणीवर, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर, पुन्हा सुरू झाला. पंचायतीत मध्य प्रदेशाने बायांना निम्म्या जागा दिल्या, त्याचा उपयोग झाला नाही असे नाही, परंतु कागदावर सही बाईची आणि खुर्चीत नवरा हे चित्र बरीच वर्षे टिकले.

कार्यकर्त्याच्या स्वतःच्या घराचा खर्च मात्र कोणत्याही टोळीने वाटून घेतला नव्हता. एकदा मजुरीच्या थकबाकीवरून धरणे झाले तेव्हा त्याला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५१ खाली, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून आधीच, ताब्यात घेण्यात आले. अशा प्रकरणात शांततेचा जातमुचलका कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे द्यावा लागतो आणि तहसिलीच्या गावी ते काम बहुधा तहसीलदाराकडेच असते, तेव्हा ज्याच्याविरुद्ध निवेदन द्यायचे त्याच्याकडेच सुटकेसाठी उभे राहण्याची वेळ येते. रात्र कोठडीत गेली याचे त्याला फार काही वाटले नाही. वाटले ते याचे की त्या आठवड्यात तूर सोंगायची होती आणि बायकोला ती एकटीने सोंगावी लागली. घर खऱ्या अर्थाने तिच्या निंदण-वेचणीवर चालत होते. गावातल्या प्रत्येक अर्जामागे जो मोकळा वेळ होता तो तिने कमावलेला होता, आणि कागदोपत्री ती संघटनेची सभासदही नव्हती. मुलाला ताप येऊन नागपूरच्या दवाखान्यात ठेवावे लागले तेव्हा जमिनीचा एक तुकडा गहाण पडला आणि त्याच महिन्यात गावात बोलले गेले की याने मजुरांच्या पैशातून दवाखाना केला. ही बदनामी ज्यांनी केली त्यांत त्याने ज्यांचे रेशनकार्ड मिळवून दिले असेही काही होते. बायकोने यावर दिलेले उत्तर गावात बराच काळ सांगितले जाई: ती पावत्यांची पिशवी घेऊन चौकात गेली, पारावर पसरली आणि ज्याला वाचता येते त्याने वाचा म्हणाली. वाचायला कोणी पुढे आले नाही. त्यानंतर घरात असे ठरले की आठवड्यातले ठरावीक दिवस मजुरीचे आणि उरलेले अर्जांचे, आणि मजुरीच्या दिवशी अर्जदार दारात आला तर ती त्याला दुसऱ्या दिवशी ये म्हणून परत पाठवी. चळवळीतल्या तरुण कार्यकर्त्यांना हे फार व्यवहारी वाटले. त्यांच्यापैकी जे पूर्णवेळ झाले त्यातले बरेचसे लग्नानंतर नागपूरच्या बांधकामांवर, सौंसरकडच्या बोरगावच्या कारखान्यांत किंवा नेत्यांच्या गाडीत दिसू लागले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पूर्णवेळ हा शब्द ज्याच्या घरी दुसरे कोणी कमावते त्यालाच परवडतो.

जिल्हा जवळ आल्यावर हे सगळे सोपे होईल असे वाटत होते आणि काही अंशी झालेही आहे. आता मंगळवारी सकाळी पांढुर्ण्याला जाऊन दुपारपर्यंत परत येता येते आणि अर्धी रोजी वाचते. मात्र दरम्यानच्या काळात कामच कार्यालयातून उठून दुसरीकडे गेले. जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावर हजेरी मोबाइलवर, दिवसातून दोनदा फोटो काढून लागते, आणि घाटाच्या पायथ्याशी नेटवर्क नसले की केलेला दिवस न केलेला ठरतो. जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच जाते, आणि नाव एका कागदावर एक व दुसऱ्यावर दुसरे असले की ती कुठे अडली हे गावात कोणालाच सांगता येत नाही. मराठी नावांचे हिंदी नोंदींत जे होते ते इथे महाग पडते. ज्ञानेश्वर हा एका कागदावर ग्यानेश्वर आणि दुसऱ्यावर दन्यानेश्वर असतो आणि यंत्राच्या लेखी ही दोन माणसे आहेत. तक्रारीसाठी १८१ हा मुख्यमंत्री हेल्पलाइनचा क्रमांक २०१४ पासून आहे, परंतु तक्रार प्रथम खालच्या पातळीवरच्या अधिकाऱ्याकडे येते, तिथून फोन येतो की तक्रार मागे घ्या म्हणजे काम करून देतो, आणि मागे घेतल्यावर काम झाले नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. समोर बसलेला साहेब आता पूर्वीपेक्षा सौजन्याने बोलतो आणि हे भोपाळहून होईल असे सांगतो. रोजी आता बसमध्ये कमी आणि कियोस्कच्या, म्हणजे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानाच्या, रांगेत जास्त पडते.

लिंबाखाली मस्टर वाचणाऱ्या मुलीची धाकटी बहीण आता अर्जांचे काम करते. तिला मोबाइलवर ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्याची क्रिया, करता येते, हिंदी चांगले येते आणि ती बारावी होऊन घरी बसली आहे. बायांचे म्हणणे असे की ती निंदणाला जातच नाही, तेव्हा तिची रोजी पडते असे कसे म्हणावे आणि तिच्यासाठी पात कोणती वाटून घ्यावी. मुलीचे म्हणणे असे की कियोस्कवाला ज्या कामाचे पन्नास रुपये घेतो ते ती करून देते आणि तिने अर्जामागे वीस मागितले आहेत. जुना कार्यकर्ता या बाबतीत मुलीच्या बाजूने आहे. त्याच्या बायकोने, पैसे घेतले की उद्या पावत्या दाखवाव्या लागतील असे सांगून, अर्जांच्या वहीत रकमेसाठी एक रकाना वाढवून दिला आहे, आणि वीस की दहा हे ठरवायला पोळ्याआधी टोळीची बैठक बसायची आहे.